एकोण

डुलुथला जानेवारीत सरोवर वाजतं.
बर्फाला तडा गेला की आवाज आधी पोचतो,
तडा कुठे आहे ते एप्रिलात कळतं.

रेनो कांगास यांच्या तळघरात मात्र ऊब असते.
सौनाच्या बाहेरची खोली, टॉवेल टांगायची,
तिथे एक जुना संगणक ऑक्टोबरपासून
एकच गणित करतोय.
कांगास तेहतीस वर्षं खनिजाच्या बोटींवर
इंजिनं सांभाळत होते. सत्तरीत
माझ्या संध्याकाळच्या वर्गात येऊन बसले
आणि पहिल्याच तासाला विचारलं,
मूळ संख्या संपतात कुठे?
संपत नाहीत म्हटल्यावर मान डोलावली,
धुकं आहे म्हटल्यावर डोलवावी तशी.

त्यांची संख्या अशी:
दोनाला दोनाने गुणत जायचं, तेरा कोटींहून जास्त वेळा,
आणि शेवटी एक वजा.
लिहायला बसलं तर चार कोटी अंक.

मी म्हटलं, आमच्या भाषेत याला शब्द आहे.
एकोणीस, एकोणतीस, एकोणऐंशी.
भरायला एक कमी असताना थांबणं, एकोण.
थांबलेले सगळेच टिकतात असं नाही,
एकोणचाळीस तेराने फुटतात,
एकोणपन्नास तर सातानेच, दोनदा.
मग आहेराचंही सांगितलं: पाकिटात आम्ही
एक रुपया वर घालतो, एकशे एक,
म्हणजे कुणाला सारखा वाटता येऊ नये.
एक्कावन्नला सतराने भाग जातो
हे नवरीला कुणी सांगत नाही.
कांगास खूप वेळ हसत राहिले.
"तुम्ही एक घालता. मी एक काढतो."

सौनाच्या दाराची काच वाफेने भरली होती.
तिच्यावर बोटाने लिहून दाखवलं:
चार घ्या. वर्ग करा, दोन काढा. चौदा.
पुन्हा वर्ग, दोन काढा. एकशे चौऱ्याण्णव.
एकतीस सक एकशे शहाऐंशी, हाती आठ.
आठाचा वर्ग चौसष्ट, दोन गेले,
एकतीस दुणे बासष्ट.
बाकी शून्य. म्हणून एकतीस मूळ.
दोन हजार सत्तेचाळीसला हीच रीत लावा,
नऊ पायऱ्यांनी सतराशे छत्तीस उरतात.
म्हणजे फुटली. तेवीसने फुटते, एकोणनव्वदने फुटते,
पण रीत त्यांची नावं घेत नाही.
ती एवढंच म्हणते, फुटली.
अक्षरं ओघळून खाली आली तेव्हा
कांगास यांनी तीच काच पुसून
सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं.

दर रविवारी बार्शीहून अक्काचा फोन.
ती आडत दुकानाचे हिशेब लिहायची,
अजून पावकी-निमकी तोंडपाठ.
"चार कोटी आकडे? मग तिचा पाढा कोण म्हणणार गं?"
आणि बोलणं संपत आलं की नेहमीचं,
"बाकी काय?"

फेब्रुवारीत एका रात्री पंखा थांबला.
कांगास यांनी मला बोलावून घेतलं, एकटे बघायला धजत नव्हते.
पडद्यावर एक ओळ.
शून्य नव्हतं. सोळा चिन्हांचं काहीतरी उरलं होतं,
अर्धे आकडे, अर्धी अक्षरं.
"म्हणजे फुटते."
"हो."
"कशाने?"
"ते माहीत नाही. कुणालाच नाही.
आपल्या हयातीत कळेल असंही नाही."

त्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली.
"बोटीत असंच असतं," म्हणाले.
"पंप सांगतो पाणी येतंय.
कुठल्या पत्र्यातून, ते सांगत नाही.
आपण पंप चालू ठेवायचा, बंदर गाठायचं."
मग खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर,
आणि दोन बोटांनी, सावकाश,
पुढचा घातांक टाकला.
खोली पुन्हा तापायला लागली.

रविवारी अक्का म्हणाली, "बाकी काय?"
मी म्हटलं, "आहे."
"किती?" तिने विचारलं, हिशेबनीसच ती,
आणि मी कागद शोधायला उठले.